कार्पेट एरिया कळला, हवा कुठून येणार?

सध्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत. इशाच्या नमाजनंतर खुर्च्या मांडल्या जातात, बिल्डरचा माणूस रंगीत चित्रं घेऊन येतो आणि प्रश्न ठरलेले असतात. कार्पेट एरिया किती? भाडं किती महिन्यांचं? कॉर्पस किती, ताबा कधी? हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण खिडकीसमोर काय येणार, जिना कुठे असणार, दोन इमारतींच्या मध्ये किती जागा सुटणार, हे क्वचितच कुणी विचारतं. अम्मीचा दमा, मुलांचा अभ्यास आणि शेजाऱ्यांशी सलाम-दुआ, या सगळ्यावर पुढची पन्नास वर्षं याच गोष्टींचा परिणाम होणार असतो.

जागेची मांडणी माणसाला कशी वागायला लावते, हे आम्ही शिक्षक मंडळी रोज बघतो. बाकं एकामागे एक लावली की मुलं फळ्याकडे बघतात आणि गप्प बसतात. तीच मुलं गोलात बसवली की मागच्या बाकावरचा मुलगाही बोलायला लागतो. मशिदीतही तसंच. रस्त्यावरच्या उन्हातून आत आलं, चपला काढल्या, थंड फरशीला तळवे टेकले, हौदावर वजू केला की आवाज आपोआप खाली येतो. तिथे ‘शांतता राखा’ची पाटी वाचून कुणी शांत होत नाही. मुंबईच्या जामा मशिदीत, जी 1802 मध्ये पूर्ण झाली, आतमध्ये जुना तलाव आहे. बाजाराच्या ऐन गर्दीत ते पाणी बघितलं की शरीर आधी थंडावतं, मन नंतर.

आता घराकडे येऊ. चाळीत एका लांब गॅलरीवर सगळ्यांची दारं उघडतात. जिन्याकडे जाणारा माणूस चार दारांवरून जातो. चार वेळा सलाम होतो, दोनदा ‘क्या पकाया?’ होतं, आणि तिसऱ्या दारातल्या दादी दोन दिवस दिसल्या नाहीत तर विचारपूस होतेच. रमजानमध्ये इफ्तारीची ताटं याच गॅलरीतून फिरतात. हे सगळं लोक फार भले होते म्हणून होत होतं का? थोडं तसं असेलही. पण बराचसा हिस्सा त्या गॅलरीचा होता.

हे निव्वळ आठवणींचं बोलणं नाही. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर एमआयटी या संस्थेने विवाहित विद्यार्थ्यांसाठी घरं बांधली. कोणतं घर कुणाला, हे यादीप्रमाणे ठरलं. शेजारी कुणी निवडले नव्हते. फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तिथल्या मैत्रीचा अभ्यास केला, तो 1950 मध्ये प्रसिद्ध झाला. दाराला दार लागून असलेल्यांत मैत्री सगळ्यात जास्त, आणि मध्ये दोन-तीन दारं आली तरी ती कमी. जिन्याजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरही ओळख, कारण सगळ्यांची ये-जा त्यांच्या दारावरून. म्हणजे कुणाचा दोस्त कोण, यात जिन्याचाही हात होता.

चाळ म्हणजे जन्नत होती, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. सामायिक संडास, पहाटेची रांग, कपडे बदलायला आडोसा नाही, सुनेच्या प्रत्येक फोनवर पूर्ण मजल्याचं लक्ष. स्वतःची मोरी, स्वतःचा संडास आणि आतून लागणारी कडी यांची किंमत आपल्या घरातल्या बायकांना विचारा. नवी इमारत हवीच आहे. प्रश्न एवढाच की ती कशी हवी.

सिंगापूरने हा प्रश्न फार आधी सोडवायला घेतला. तिथे गावठाणातली माणसं उंच सरकारी इमारतींत हलवली गेली. आज सुमारे 80 टक्के लोक अशा घरांत राहतात. 1970च्या दशकापासून या इमारतींचा तळमजला मोकळा ठेवण्याची पद्धत पडली. खाली नुसते खांब, वारा आणि सावली. तिथे म्हातारे बसतात, मुलं खेळतात. मलय मुसलमानांच्या लग्नाच्या दावती तिथेच होतात आणि चिनी शेजाऱ्यांच्या मय्यतीचे विधीही तिथेच. आपल्याकडेही टॉवरचा तळमजला खांबांवर मोकळा असतो, पण तिथे गाड्या उभ्या राहतात. मय्यत झाली की जनाजा ठेवायला जागा शोधावी लागते आणि स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावत नाही, हे त्या दिवशीच कळतं.

सगळ्यात गंभीर गोष्ट मात्र हवेची आहे. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात झोपडीवासीयांच्या पुनर्वसनासाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांत हजारो मुस्लिम कुटुंबं आहेत. 2018 मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या तज्ज्ञांची तीन वसाहतींवरची पाहणी समोर आली. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी, तिन्ही एकाच परिसरातल्या. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून, काही ठिकाणी मधलं अंतर जेमतेम 3 मीटर. तिसरीत जागा मोकळी. पहिल्या दोन वसाहतींत टीबीचं प्रमाण तिसरीपेक्षा कितीतरी पट जास्त आढळलं, आणि खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन पोचत नाही, तिथे त्रास अधिक.

यामागचं कारण आपल्या आठवीच्या मुलालाही कळेल. टीबीचा रुग्ण खोकला की जंतू बारीक कणांबरोबर हवेत जातात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. वारा आला तर ते बाहेर जातात, ऊन आलं तर मरतात. खोलीत दोन्ही येत नसतील तर तीच हवा घरातले सहाजण आळीपाळीने श्वासात घेतात. औषधं मोफत मिळतात, पण एक बरा झाला की दुसऱ्याला होतो. डॉक्टर घर बदलून देऊ शकत नाही.

आता यात आपल्या घरांचा एक वेगळा पेच आहे, त्यावर फारसं कुणी बोलत नाही. समोरची खिडकी तीन मीटरवर असेल तर आपण काय करतो? पर्दा लावतो. सकाळी लावतो, रात्रीपर्यंत काढत नाही. बेपर्दगी नको म्हणून लावलेल्या कापडाने हवाही अडते आणि उजेडही. भरदुपारी ट्यूबलाइट लावून बसणारी बाई बेफिकीर नसते, तिला नकाशाने कोंडलेलं असतं. जुन्या कारागिरांनी यावर तोड काढली होती, ती म्हणजे जाळी. दगडाची किंवा लाकडाची, बारीक भोकांची. बाहेर लख्ख उजेड आणि आत मंद, त्यामुळे दिवसा बाहेरून आतलं दिसत नाही, आतून रस्ता दिसतो आणि वारा वाहत राहतो. कैरोपासून अहमदाबादपर्यंत ती सापडेल. आज सिमेंटची जाळी कुठल्याही गावात मिळते आणि महागही नसते, पण रंगीत चित्रात ती कुणी दाखवत नाही.

खिडकीतून काय दिसतं याचाही शरीरावर परिणाम होतो. अमेरिकेतल्या रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीबाहेर झाडं होती, निम्म्यांच्या बाहेर विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधंही कमी जोराची लागली. 1984 चा हा अभ्यास आता जगभर रुग्णालयं बांधताना विचारात घेतला जातो. घरात अंथरुणाला खिळलेल्या अब्बांचा पलंग कोणत्या खिडकीशी लावायचा, हे त्यावरून आपणही ठरवू शकतो.

अर्थात चांगला नकाशासुद्धा राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय फसतो. इजिप्तचे वास्तुविशारद हसन फतही यांनी 1940च्या दशकात लक्सरजवळ गुर्ना गावासाठी नवी वस्ती उभारायला घेतली. मातीच्या विटा, जाड भिंती, अंगणं, वर घुमट. उन्हाळ्यात थंड राहणारी सुंदर घरं. पण गावकरी हलायला तयार झाले नाहीत. त्यांची रोजीरोटी जुन्या गावाजवळच्या प्राचीन थडग्यांवर होती, आणि घुमटाखाली झोपायचं म्हणजे मजारीत झोपल्यासारखं त्यांना वाटे. वस्ती अर्धवटच राहिली.

म्हणून बैठकीत सही करण्याआधी नकाशा चित्रात नको, कागदावर मागा, आणि बायकांना सोबत बसवा. दिवसभर घरात त्याच असतात. दोन इमारतींमधलं अंतर फुटात लिहून घ्या. खिडक्या समोरासमोर येतात का ते विचारा. घराच्या एकाच बाजूला सगळ्या खिडक्या असतील तर वारा आत येईल, पण जाईल कुठून? लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का? तळमजल्यावर गाड्यांशिवाय बसायला काही जागा आहे का?

आणि त्याच बिल्डरने आधी बांधलेल्या एखाद्या इमारतीत दुपारी बाराच्या सुमारास जाऊन या. पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर कुणाचंही दार वाजवा, सलाम करा आणि आत बल्ब चालू आहे का तेवढं बघा.