भीमेच्या माहेरी, पायी

उसाला दारे धरताना तुम्ही पाण्याचा विचार कुठवर करता? चारीपर्यंत, नाहीतर कालव्यापर्यंत. फार झाले तर धरणापर्यंत. आम्हीही तेच करीत आलो. एकदा धाकट्याने विचारले, उजनीत पाणी कुठून येते? ‘वरून,’ एवढेच सांगता आले. ते ‘वर’ म्हणजे काय, हे पायी जाऊन पाहायचे ठरले ते सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात.

तुम्ही म्हणाल, भीमाशंकरला तर एस्टी जाते, मग पायपीट कशाला? आमच्या घरातूनही हाच प्रश्न आला. “जन्मभर रानात चालतोय, ते कमी पडलं का?” पण एस्टीने गेलात तर देव भेटतो, डोंगर भेटत नाही. मंचरकडून जाताना चढ हळूहळू चढतो, त्याची उंची अंगाला कळत नाही. डोंगर बघायचा तर कोकणातून, खांडसकडून चढले पाहिजे. त्यासाठी कर्जत किंवा नेरळला उतरून कशेळेमार्गे खांडस गाठायचे. आम्ही आदल्या संध्याकाळी जाऊन एका घरी मुक्काम केला. बरोबर भाकरी, लसणीची चटणी, गूळ-शेंगदाणे आणि माणशी दोन बाटल्या पाणी. वाटाड्या गावातलाच घेतला. हा खर्च वाचवू नका.

पहाटे निघालो. गावाबाहेर भाताची खाचरे निसवलेली, बांधावर दव. पुढे वाटा फुटतात. डावीकडची शिडी घाटाची, उजवीकडची गणेश घाटाची. शिडीची वाट जवळची, पण कड्यावर लोखंडी शिड्या लावलेल्या आणि पावसाळ्यात खडक निसरडा. बायकापोरे बरोबर असतील तर तिकडे फिरकू नका. गणेश घाट लांबचा, पण जुना, रुळलेला. भर पावसात कधीकधी वाट बंदही ठेवतात, तेव्हा आधी चौकशी करून निघा.

पहिल्या तासातच फुले सुरू झाली. कुंपणाच्या कडेला कळलावी, तांबडी-पिवळी, चुलीतल्या जाळासारखी. तिचा कंद विषारी, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. ओल्या कातळाच्या भेगांतून तेरडा गुलाबी फुललेला. परसातल्या तेरड्याचाच हा रानातला भाऊ, फक्त अंगाने लहान. गणपतीचे छोटे देऊळ आले तिथे टेकलो. डाव्या हाताला पदरगडाचा सुळका, खाली सगळे कर्जतचे रान हिरव्या पटासारखे.

तिथून वाट पदरात शिरते. सह्याद्रीत कड्याच्या पोटाशी जी सपाट पट्टी असते तिला पदर म्हणतात. कुणी नाव ठेवले ठाऊक नाही, पण ठेवणाराने बाईच्या लुगड्याकडे नीट पाहिले होते खास. याच पट्टीवर पदरवाडी आहे, दोन्ही घाटांच्या वाटा इथे एकत्र येतात. सकाळची न्याहारी इथेच केली. वाटेच्या दोन्ही बाजूंना कारवीचे रान होते. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. सगळे रान एकदम जांभळे होते, मधमाश्या तुटून पडतात, आणि बी धरले की झाड वाळून जाते. आमचे नशीब तेवढे नव्हते, नुसती खरखरीत पाने दिसली. वाटाड्या म्हणाला, त्यांच्या घराचे कूड याच कारवीच्या काठ्यांचे, वरून शेणमातीने लिंपलेले.

पुढची चढण मात्र खडी. एकूण चढण अडीच हजार फुटांहून अधिक, आणि तिचा खरा घाम इथे निघतो. पण वर झाडी अशी की ऊन अंगाला लागत नाही. जांभूळ, अंजनी, पिसा, आंबा, हिरडा. हिरड्याकडे नीट पाहा. पलीकडच्या आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरांतल्या आदिवासी घरांचा उन्हाळ्यातला पैसा याच झाडाच्या कोवळ्या फळांवर उभा असतो. तुमचा जसा ऊस, तसा त्यांचा बाळहिरडा. फरक इतकाच की त्याला ना दारे धरावी लागतात ना खत घालावे लागते.

याच चढणीवर मुलगा पुढे पळाला आणि वळणावरून दिसेनासा झाला. वर धुके उतरत होते. एक हाक मारली, उत्तर नाही. दुसरी मारली, तरी नाही. घरची माणसे ओझे खाली टाकून धावली, तीत शेवाळावर पाय सरकून कोपर सोलून निघाले. वळणापलीकडे पाहतो तर पोरगा झाडाखाली ताठ उभा, तोंडावर बोट. वर फांदीवर शेकरू होते. तांबूस पाठ, अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. त्याने एका झाडावरून दुसऱ्यावर अशी उडी घेतली की आमचा राग तिथेच राहिला. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरते, म्हणून झाडाला झाड भिडलेले लागते. आपल्या राज्याचा प्राणी म्हणून त्याला मान आहे, आणि भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली झाले ते मुख्यतः त्याच्यासाठी.

दुपारी माथ्यावर आलो. उघड्या सड्यावर सोनकी पिवळीधमक पसरलेली, मधून कवला, आणि पाणथळ जागी सीतेची आसवे. हे निळसर फूल दिसते नाजूक, पण त्याच्या मुळाशी बारीक फुगे असतात आणि त्यांत ते किडे-जंतू पकडून खाते. सड्यावर माती किती आहे ते बोटाने पाहा. कुठे वीतभर, कुठे दोन बोटे. तेवढ्या मातीवर हा सगळा संसार, म्हणून पाऊल वाटेबाहेर टाकू नका आणि फूल खुडू नका. सोनकीचे बी तिथेच पडले तर पुढच्या वर्षी सोनकी.

त्या कड्यावर थोडे बसलो. पश्चिमेच्या उतारावर पडलेला थेंब उल्हास नदीतून अरबी समुद्राला जातो. आपल्या पाठीशी पडलेला देवळाजवळून भीमेत जातो, चासकमान धरण, मग उजनी, पंढरपूरला चंद्रभागा, पुढे कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेला मिळून थेट पूर्वेच्या समुद्रात. भीमेचा हा प्रवास आठशे किलोमीटरच्या वर आहे. आमच्या चारीत येणारे पाणी या पालापाचोळ्यातून निघते, हे वाचून ठाऊक होते. पण झाडाखाली मूठभर पाला उचलला तर खालून पाणी ठिबकत होते, आणि पाऊस थांबून तेव्हा दोन दिवस झाले होते.

वाटाड्या इथे थोडा गप्प झाला. मग म्हणाला, माळीण इथून फार लांब नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या त्या गावावर डोंगर आला आणि दीडशेवर माणसे गेली. मुख्य कारण अतिवृष्टी, पण उतार सपाट करण्याच्या कामांचीही चर्चा तेव्हा पुष्कळ झाली. आम्ही शेतकरी माणसे, जमीन सपाट केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. पण खाली येताना पाहिलेले ऐन आठवले. राबासाठी फांद्या छाटलेले, तरी बुंध्यापासून पुन्हा फुटलेले. झाड छाटले तर फुटते. मुळांसकट उकरलेला उतार फुटत नाही.

देवळाबद्दल तुम्हाला मी काय सांगणार? पायऱ्या उतरून गेलो, वसईच्या लढाईतून चिमाजी अप्पांनी आणलेली म्हणतात ती घंटा पाहिली, आणि संध्याकाळची मंचरची एस्टी धरली. पाय सगळ्यांचे भरून आले होते. कोपराला पदर बांधलेला, पण तक्रार नव्हती. घोडेगावच्या अलीकडे डिंभे धरणाचे पाणी दिसले, तसा मुलगा खिडकीला नाक लावून विचारू लागला, हेही आपल्याच उजनीला येते का? घोड नदी पुढे भीमेलाच मिळते, असे सांगितले. तो मोजत बसला, आणखी कुठले कुठले.