फळ्यावर राहिलेले गणित

दहावीत गणितात पैकीच्या पैकी गुण मिळविलेला मुलगा अकरावीच्या पहिल्या सत्रातच अबोल होतो, हा अनुभव अनेक घरांना नवा नाही. घरातील मंडळी मोबाईलला दोष देतात. कारण बहुधा वेगळे असते. दहा वर्षांत न सुटणारे गणित त्याला कधी भेटलेलेच नसते. त्यामुळे पहिल्याच अडसरापाशी आपली बुद्धी संपली, असे तो समजतो.

दिवंगत शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) शाळेत असताना त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार शिक्षणासाठी बनारसला त्यांच्याच घरी राहावयास आले. वडील तेथील विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असल्याने घरात फळे होतेच. मामा फळ्यावर भाच्याच्या नावाने आव्हान म्हणून एक गणित लिहून ठेवीत, तेही शालेय अभ्यासक्रमापलीकडचे. ते सुटेपर्यंत, किंवा भाचा हार मानीपर्यंत, पुसले जात नसे. मुदत नाही, गुण नाहीत, शेजारी सांगावयास क्रमांकही नाही! पुढे १९५९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत नारळीकर सर्वप्रथम आले. त्याचे सारे श्रेय फळ्याला देणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु अडून बसण्याची सवय त्यांना घरातच लागली होती, एवढे निश्चित.

आज हुशार मुलाला नववीतच लातूर किंवा कोट्याला धाडण्याचा विचार सुरू होतो. हिशेब मांडून पाहावा. अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई मुख्य परीक्षेत तीन तासांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रत्येकी सुमारे अडीच मिनिटे. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये साडेचार तासांत तीनच प्रश्न, म्हणजे प्रत्येकी दीड तास. पहिल्या परीक्षेसाठी वेग लागतो आणि तो शिकवणीत मिळतो. दुसरीसाठी लागणारी चिकाटी शिकवणीच्या वेळापत्रकात क्वचितच बसते. अतिशय बुद्धिमान मुलाला दोन्ही हवे असते. पालक मात्र शुल्क एकाचेच भरतात.

अशा मुलासाठी सामग्री सोलापुरातही आहे. नवव्या शतकातील महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ येथील जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ मध्ये हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. त्यातील मिश्रक-व्यवहारात मुद्दल, व्याज आणि मुदत यांची गुंतागुंतीची उदाहरणे आहेत. पेढीवर वाढलेल्या मुलाला त्यांचा विषय परका वाटणार नाही. नववीचे बीजगणित येत असले, तर त्यांपैकी कित्येक सुटतात. एखादे आठवडाभर सुटत नाही.