लेबल पुसलेल्या मोटरचं व्होल्टेज कसं ओळखायचं?

मित्रहो, मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यांनी विचारलं होतं, हेत्वाभासांचा हा सगळा खटाटोप व्यवहारात कुठे लागतो? त्या दिवशी वेळ संपली होती. आज त्याचं उत्तर देतो, माझ्या भाच्याच्या होडीचं उदाहरण घेऊन.

भाचा अमेरिकेत, मिनेसोटात असतो. तळ्यांचा मुलूख. मासे पकडणारी मंडळी तिथे होडीला छोटी विजेची मोटर लावतात, तिला ट्रोलिंग मोटर म्हणतात. आवाज कमी, मासे बिथरत नाहीत. त्याने अशी एक जुनी मोटर स्वस्तात उचलली. लेबल पार पुसलेलं. या मोटरी बहुधा १२, २४ नाहीतर ३६ व्होल्टच्या असतात. त्याचा फोन आला, "मामा, १२ च्या बॅटरीला लावली, छान फिरली. म्हणजे १२ चीच ना?" रविवारी त्याच्या दोन्ही मुली त्या होडीत बसणार होत्या. मी म्हटलं, थांब जरा.

आता बघा. 'फिरते' हा त्याचा हेतू, '१२ ची आहे' हे साध्य. पण २४ ची मोटरसुद्धा १२ वर फिरते, फक्त साधारण निम्म्या वेगाने. आणि १२ ची मोटर २४ वरही फिरते, अगदी झोकात, जळेपर्यंत! अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहातलं उदाहरण आठवा: पर्वतावर अग्नी आहे, कारण पर्वत ज्ञेय आहे. अहो, ज्ञेय तर डोहही आहे, तिथे कुठला अग्नी? जो हेतू साध्य नसलेल्या ठिकाणीही सापडतो, तो सव्यभिचार. तारेची जाडी पाहून ठरवणारेही असतात. तेही त्याच पंगतीतले.

मुळात '१२ व्होल्ट' हा मोटरच्या अंगी असलेला गुण नाही, रंगासारखा. ते नातं आहे. या दाबावर, हा पंखा पाण्यात असताना, वेग आणि उष्णता मोटरला सोसते, एवढाच त्याचा अर्थ. पंख्याचा वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध सुमारे चौपट होतो, म्हणजे प्रवाहही तेवढा वाढू पाहतो. आणि वाइंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. चौपट प्रवाहाला सोळापट उष्णता. प्रत्यक्षात वेग पूर्ण दुप्पट होत नाही, पण वाइंडिंग जळायला त्याहून कमीही पुरतं. कमी दाबाने मात्र सहसा बिघडत नाही. म्हणून शंका असली की खालून सुरुवात करायची.

मग चांगला हेतू कोणता? या मोटरींत बहुतेक वेळा कायम चुंबक असतो. अशी मोटर बाहेरून फिरवली की ती जनित्र होते, आणि तिचा दाब वेगाच्या प्रमाणात वाढतो. भाच्याला सांगितलं, पंखा काढ, दांडा ड्रिलच्या चकमध्ये पकड, मोटरच्या तारा कंट्रोलरपासून सोडव आणि त्यांना मल्टिमीटर लाव. ड्रिल खालच्या गिअरला मिनिटाला ४५० फेरे देत होतं, मीटरने ४ व्होल्ट दाखवले. म्हणजे १२ व्होल्टला सुमारे १३५० फेरे, २४ ला २७००. या मोटरींचा पंखा थेट दांड्यावर असतो आणि हजार-दीड हजारांच्या आसपास फिरतो. २७०० त्याला फार झाले. मीटर हललाच नसता, तर चुंबकाबद्दलचं आपलं गृहीतकच तपासावं लागलं असतं. आणि बॅटरीकडे तीन-चार तारा जात असत्या तर ती १२ आणि २४ दोन्हींवर चालणारी असण्याचीही शक्यता होती. इथे दोनच होत्या.

एवढ्यावर मी त्याला सोडलं नाही. अनुमान झालं, आता प्रत्यक्ष हवं. पंखा लावून मोटर पाण्याच्या मोठ्या टबात बुडव (कोरडी फार वेळ चालवायची नसते, पाणीच तिला थंड ठेवतं), तारेत फ्यूज घाल, १२ ची बॅटरी जोड आणि प्रवाह बघ. पूर्ण वेगाला २८ अँपिअर आले, आणि वीस मिनिटांनीही मोटर हाताला जेमतेम कोमट लागली.

त्याने पांढऱ्या रंगाने तिच्यावर '१२' लिहिलंय आणि तारेवर सर्किट ब्रेकर बसवलाय. मुलींना त्या रविवारी नेलं नाही, पुढच्या रविवारी नेलं. वल्ही मात्र दोन्ही सोबत घेतली होती.