उसनं पोतं आणि तालीची ओल

‘कोरडवाहू दोन एकरांत पोट भरत नाही. एक तर ऊस लावा, नाही तर मुंबई गाठा.’ पारनेर तालुक्यात हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीलाही ते लागू होतं. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून गावी परतले तेव्हा कित्येक घरांत वर्षाचं धान्य पुरत नव्हतं, माणसं खडी फोडायला बाहेर जात होती आणि गावात दारूच्या भट्ट्या पेटत होत्या.

दोष पावसाचा, असं सगळेच म्हणत. इथे वर्षाला जेमतेम ४०० ते ५०० मिलिमीटर पडतो, हे खरंच. पण ४०० मिलिमीटर म्हणजे एका हेक्टरवर ४० लाख लिटर पाणी! ते उघड्या माळावरून ओढ्याला लागायचं आणि जाताना वरची कसदार मातीही न्यायचं. गावात पाझर तलाव होता, पण गळका. श्रमदानातून तो दुरुस्त झाला आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी दिसू लागलं. मग माथ्यापासून पायथ्याकडे समतल चर, ताली म्हणजे शेतातले मातीचे बांध, आणि नालाबांध होत गेले. मोठं धरण किंवा कालवा लागला नाही.

पाऊस उघडून आठवडा झाला की तालीच्या आतलं ढेकूळ फोडून पाहा. वरून पांढुरकं, आत बोटाला लागेल अशी ओल. रब्बीची ज्वारी उभी राहते ती याच ओलीवर.

उसाने गरिबाचं भलं होतं, हा समज तर अजून घट्ट आहे. ऊस वर्षभर रान अडवतो, पाणी पितो आणि तोवर चुलीवर काही शिजत नाही. राळेगणने तो बाजूला ठेवला. बाजरी, ज्वारी, कडधान्यं, कांदा, भाजीपाला धरला. गावाने माळावर चराईबंदीही केली. तिने गरिबाची जनावरं उपाशी मरतील, ही भीती होती. पण मोकळी गुरं थांबली तसं माळावर गवत वाढलं, ते कापून गोठ्यात येऊ लागलं आणि गावचं दूध वाढलं.

तरी एखादं साल बुडतंच. अशा वेळी फुकट धान्य वाटणं किंवा सावकाराचं दार, एवढेच मार्ग आहेत असं आपण धरून चालतो. गावाने धान्य बँक काढली. ज्याच्याकडे जास्त पिकलं त्याने धान्य जमा करायचं, अडलेल्याने न्यायचं आणि पुढच्या सुगीला थोडं वाढवून परत आणायचं. धान्य परत आणणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही, म्हणून ही सोय मला सगळ्यांत मोलाची वाटते.

पाणी आलं की सगळ्यांचं आपोआप भागतं, असं मात्र नाही. विहीर ज्याच्या रानात, पाणी त्याचं. म्हणूनच पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत या उपक्रमात पाण्याचा वाटा माणशी ठरवला, भूमिहीनांनाही दिला. राळेगणमध्येही दलित कुटुंबं कर्जात अडकली, तेव्हा गावकरी त्यांच्या रानात श्रमदानाला उतरले. त्या पिकातून कर्ज फिटलं आणि जमीन त्यांची त्यांच्याकडेच राहिली.