मन आजारी पडतें तेव्हां

शरीराप्रमाणें मनासही आजार होतो, ही गोष्ट नाकारणारा सुशिक्षित मनुष्य आज विरळाच. तथापि मुलास चार दिवस ताप आला असतां जो बाप रात्रीं-अपरात्रीं डॉक्टरांचें दार ठोठावतो, तोच बाप मूल महिनाभर धड जेवत नाहीं, झोपत नाहीं व कोणाशीं बोलत नाहीं हें पाहून "याला आळस चढला आहे" असें म्हणून मोकळा होतो. तोंडानें मान्य केलेली गोष्ट आचरणांत यावयास किती काळ लागतो, याचें हें एक उदाहरण होय. खिन्नता व चिंता या दोन दुखण्यांचें स्वरूप काय, त्यांवर आपलें आपणांस काय करतां येतें, आणि दुसऱ्याचें साहाय्य केव्हां मागावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचे वाचक बहुतांशीं विद्यार्थी असल्यामुळें उदाहरणें त्यांच्याच आयुष्यांतील घेतलीं आहेत.

हीं दुखणीं आजकालचीं नव्हेत. भगवद्गीतेचा पहिला अध्याय 'अर्जुनविषादयोग' या नांवानेंच प्रसिद्ध आहे. तेथें अर्जुनाचें तोंड कोरडें पडतें, अंगास कांपरें सुटतें, हातांतून गांडीव गळूं लागतें. आजच्या डॉक्टरांनीं हें वर्णन वाचलें तर त्यांतील बरींच लक्षणें त्यांस ओळखीचीं वाटतील. चरकसंहितेंत रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्यें विषादास अग्रस्थान दिलें आहे. पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले अब्राहम लिंकन यांस १८४१ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, खिन्नतेनें इतकें ग्रासलें होतें कीं, त्यांच्या जिवाची काळजी वाटून मित्रांस त्यांच्यावर नजर ठेवावी लागली. याच गृहस्थांनीं वीस वर्षांनंतर एका राष्ट्राची धुरा यादवी युद्धांत वाहिली. तेव्हां मनाचें दुखणें हें दुबळ्या व कामचुकार माणसांसच होतें, हा समज टिकण्यासारखा नाहीं.

प्रथम चिंतेचा विचार करूं. भीति ही मुळांत आपली शत्रु नव्हे. संकट दिसतांच मूत्रपिंडांच्या माथ्यावरील दोन लहान ग्रंथी ॲड्रेनॅलिन नांवाचें द्रव्य रक्तांत सोडतात. त्यासरशीं हृदय जोरानें चालूं लागतें, श्वास वाढतो, पोटाकडील रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतें, आणि मनुष्य लढण्यास किंवा पळण्यास सिद्ध होतो. हार्वर्ड येथील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं ही क्रिया तपशिलानें दाखवून दिली. रानांत वाघ समोर आला असतां ही योजना प्राण वाचविते. अडचण एवढीच कीं, वाघ आणि भूमितीची प्रश्नपत्रिका यांतील भेद या ग्रंथींस कळत नाहीं!

थोडी धास्ती मनुष्यास जागें ठेवते, हें खरें. यर्कीज व डॉडसन या दोघां संशोधकांनीं १९०८ सालीं उंदरांवर प्रयोग केले. त्यांत असें आढळलें कीं, काम अवघड असलें म्हणजे मध्यम प्रतीचा धाक शिकण्यास उपकारक होतो. पण धाक फार वाढविला कीं शिकणें उलट मंदावतें. (छडीचे पुरस्कर्ते अजून कोठें उरले असतील तर त्यांनीं उंदरांची ही साक्ष ध्यानांत घ्यावी.)

परीक्षेच्या दालनांत एखाद्याची छाती धडधडते, बोटांस मुंग्या येतात, डोळ्यांपुढें अंधारी येते आणि आतां आपण मरणार असें त्यास वाटतें. यांतील मुंग्या व घेरी बहुधा घाईघाईच्या श्वासोच्छ्वासानें येतात. रक्तांतील कार्बन डायऑक्साइड वायु प्रमाणाबाहेर उत्सर्जित होतो, त्याचा तो परिणाम. म्हणून "खोल श्वास घे" हा सर्वांच्या तोंडीं असलेला उपदेश अर्धवट होय. श्वास सावकाश घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. मनांत चार मोजून आंत, सहा मोजून बाहेर, असें चार-पांच मिनिटें केलें असतां धडधड पुष्कळ अंशीं ओसरते. असा झटका प्रथमच आला असेल तर मात्र डॉक्टरांकडून एकदां प्रकृति तपासून घ्यावी, म्हणजे शंका उरत नाहीं.

चिंतेचा एक कावा विद्यार्थ्यांनीं अवश्य ओळखून ठेवावा. जिची भीति वाटते ती गोष्ट टाळली कीं तत्काळ हायसें वाटतें. गणिताचें पुस्तक मिटलें, जीव भांड्यांत पडला. परंतु त्या सुटकेची मनानें गांठ मारून ठेवलेली असते. दुसऱ्या दिवशीं तेंच पुस्तक अधिक भयंकर दिसतें, तिसऱ्या दिवशीं पोटांत दुखूं लागतें, आणि आठवड्यानें शाळेची वाटच नकोशी होते. यावर उपाय थोडा कडू आहे. टाळलेल्या गोष्टीकडे थोडें थोडें परत जावें लागतें. संबंध धडा नव्हे, एक उदाहरण. सबंध वर्गापुढें भाषण नव्हे, एका मित्रापुढें दोन वाक्यें. भीति कमी झाल्यावर आपण जाऊं, असें जो म्हणतो त्यास बहुधा फार वाट पाहावी लागते, कारण भीति जाण्यानेंच कमी होते.

आतां खिन्नता. निकाल वाईट लागला, जिवलग मित्र गांव सोडून गेला, आजी वारली, तर मन उदास होणारच. यास आजार म्हणणें हा शोकाचा अपमान होईल. शोक लाटांप्रमाणें येतो व जातो. मधल्या वेळांत मनुष्य हंसतो, जेवतो, आठवणी सांगतो. आजार झालेली खिन्नता निराळी. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन जड राहतें, पूर्वीं ज्या क्रिकेटसाठीं जेवण सोडलें, त्यांतही गोडी उरत नाहीं, झोप मध्यरात्रीं मोडते किंवा उलट दिवसभर सरत नाहीं, भूक बदलते, धड्याची एकच ओळ दहादां वाचूनही डोक्यांत शिरत नाहीं, अंगांत त्राण नसतें, आणि सर्वांत वाईट म्हणजे आपण निरुपयोगी आहों, घराला भार आहों, असें मन घोकूं लागतें. कुमारवयांत तर ही खिन्नता पुष्कळदां रडक्या चेहऱ्यानें न येतां चिडखोरपणाचा वेष घेऊन येते. दार आपटणारा, आईवर खेकसणारा मुलगा उद्धट समजला जातो, आणि त्याच्या मनांत काय चाललें आहे हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. कित्येकांचें दुखणें डोकेंदुखी-पोटदुखीच्या रूपानें प्रकट होतें.

याचें कारण एकच नसतें. कांहीं भाग वंशपरंपरेचा, कांहीं मेंदूंतील रासायनिक घडामोडींचा, कांहीं परिस्थितीचा. घरांतील कर्ज व भांडणें, वर्गांतील टवाळी, आप्ताचा मृत्यु, अपमान, या सर्वांचा त्यांत वांटा असूं शकतो. कधीं कधीं कंठांतील थायरॉईड ग्रंथीचें काम मंदावल्यानें, रक्तक्षयानें अथवा ब-१२ या जीवनसत्त्वाच्या न्यूनतेनेंही असाच थकवा व उदासपणा येतो. म्हणून चांगले डॉक्टर आधीं रक्त तपासावयास सांगतात. सारा दोष मोबाईलवर टाकण्याची सध्यां रीत पडली आहे; तीं अर्धीच खरी गोष्ट. रात्रीं दोन वाजेपर्यंत जो पडद्याकडे पाहत बसतो त्याची झोप जाते, व झोप गेली कीं मन खचण्यास वेळ लागत नाहीं, एवढें निश्चित. पण झोप येत नाहीं म्हणून फोन हातीं घेणाराही असतो, हें विसरूं नये.

खिन्न मनुष्यास "आनंदी राहा" असें सांगणें म्हणजे लंगड्यास "धांव" म्हणण्यासारखें आहे. तरीही दुखणें सौम्य असतां त्यास स्वतःलाही पुष्कळ करतां येतें. आधीं उत्साह यावा आणि मग काम करावें, असा आपला समज असतो. अनुभव उलट आहे. काम आधीं, उत्साह मागाहून, आणि तोही पाऊल न वाजवितां. सकाळीं ठरल्या वेळीं उठणें, स्नान करणें, अर्धा तास उघड्यावर चालणें, एका माणसाशीं पांच मिनिटें बोलणें, इतकीं लहान कामें कागदावर लिहून करावीं आणि झालेल्या कामावर खूण करावी. दुसरी गोष्ट विचारांची. फिलाडेल्फिया येथील डॉ. आरन बेक यांनीं १९६० नंतरच्या दशकांत असें दाखविलें कीं, खिन्न मनांत कांहीं वाक्यें आपोआप उमटतात व मनुष्य त्यांस पुराव्यावांचून खरीं मानतो. "मी दहावींत एका विषयांत नापास झालों, माझें सर्व संपलें." हें वाक्य कागदावर उतरवून साक्षीदाराप्रमाणें त्याची उलटतपासणी घ्यावी. एक विषय म्हणजे सर्व काय? त्याच वर्षीं पुरवणी परीक्षा असते कीं नाहीं? हेंच दुःख मित्रानें सांगितलें असतें तर आपण त्यास काय म्हटलें असतें? आपण मित्राशीं जितके न्यायानें वागतों तितके स्वतःशीं क्वचितच वागतों.

परंतु घरगुती उपायांस मर्यादा आहे. वरील लक्षणें दोन आठवड्यांपलीकडे टिकलीं. शाळा, अभ्यास, जेवणखाण, स्नान यांत व्यत्यय येऊं लागला. भीतीचे झटके वरचेवर येऊं लागले. किंवा मन विसरण्यासाठीं तंबाखू-दारूकडे हात वळूं लागला, तर अधिक वाट पाहूं नये. आणि जगणें नकोसें झालें आहे, आपण नसलों तर बरें, असे विचार येऊं लागले तर दोन आठवडेच काय, दोन तासही थांबूं नये. त्याच दिवशीं आई, वडील, शिक्षक, डॉक्टर, जो कोणी विश्वासाचा वडील माणूस जवळ असेल त्यास स्पष्ट शब्दांत सांगावें.

येथें मित्रांचा प्रश्न येतो, आणि आमच्या मतें या विषयांतील सर्वांत नाजूक भाग हाच होय. अशा स्थितींतील मुलगा किंवा मुलगी पुष्कळदां आईबापांआधीं सोबत्यास सांगते, आणि सांगतांना शपथ घालते: "कोणास बोलूं नकोस." ऐकणाऱ्यावर मोठें संकट ओढवतें. एकीकडे दिलेला शब्द, दुसरीकडे मित्राचा जीव. आमचें स्पष्ट मत असें कीं, हा शब्द मोडावा. मित्र रागावेल, कदाचित् महिनाभर अबोला धरील. तो राग पतकरावा. "जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार तुझ्या मनांत येतो काय?" असें सरळ विचारल्यानें तो विचार नव्यानें मनांत शिरतो, अशी भीति अनेकांस वाटते, ती खोटी आहे. उलट विचारणारा कोणी भेटला म्हणून मनावरील ओझें हलकें होतें. विचारावें, मध्यें न बोलतां ऐकून घ्यावें, उपदेश करूं नये, त्यास एकटें सोडूं नये, आणि वडील माणसास बोलावून आणावें. घरच्यांनीं घातक वस्तु त्याच्या हातास लागणार नाहींत अशी व्यवस्था करावी. मात्र मित्राचा वैद्य होण्याचा भार कोणा विद्यार्थ्यानें आपल्या खांद्यावर घेऊं नये. त्याचें काम डॉक्टरांपर्यंत पोंचविण्याचें.

वडील मंडळींची अडचण निराळी. लोक काय म्हणतील, पुढें लग्न कसें जमेल, या धाकानें दुखणें लपविलें जातें. किंवा कोणी करणी केली असें समजून देवऋषी, अंगारे, गंडे यांत वर्ष निघून जातें. देवापुढें दिवा लावण्यास आमची मुळींच हरकत नाहीं; दिवा लावून दवाखान्यांत जावें, इतकेंच म्हणणें आहे. "ठाण्यास पाठवा" ही थट्टाही आतां सोडून द्यावी. ठाणें, पुणें, नागपूर व रत्नागिरी येथें सरकारी मनोरुग्णालयें आहेत खरीं, पण खिन्नतेच्या बहुसंख्य रोग्यांस तेथें राहावें लागत नाहीं; ते घरीं राहून, शाळा-नोकरी सांभाळून उपचार घेतात. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें असे उपचार मिळणें हा प्रत्येकाचा हक्क ठरविला असून रोग्याची माहिती गुप्त राखण्याचें बंधनही घातलें आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या मराठी बोलपटाचा विषय हीच खिन्नता असून, २०१७ सालीं घोषित झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यास सुवर्णकमळ मिळालें. घरांत हा विषय कसा काढावा असा ज्यांस प्रश्न पडतो, त्यांनीं तो सर्वांसह पाहावा.

उपचार दोन प्रकारचे. सौम्य दुखण्यास मानसशास्त्रज्ञ अथवा समुपदेशक यांच्याशीं पद्धतशीर संभाषण पुष्कळदां पुरतें. तीव्र दुखण्यास मानसोपचारतज्ज्ञ औषधही देतात. स्वित्झर्लंडचे डॉ. रोलान्ट कून यांनीं १९५७ सालीं इमिप्रामिन या औषधाचा खिन्नतेवरील गुण जाहीर केला. तेव्हांपासून अशीं अनेक औषधें निघालीं आहेत. तीं झोपेच्या गोळ्या नव्हेत. त्यांचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे, कधीं त्याहून अधिक लागतात. म्हणून आठ दिवसांत "कांहीं उपयोग नाहीं" असें ठरवूं नये, आणि बरें वाटतांच मनानें बंदही करूं नये. मुलें व तरुण यांच्यावर पहिल्या कांहीं आठवड्यांत घरच्यांनीं विशेष लक्ष ठेवावें व अस्वस्थता वाढल्यास डॉक्टरांस लगेच कळवावें.

कोठें जावें? प्रथम नेहमींच्या डॉक्टरांकडे किंवा जिल्हा रुग्णालयांत. तेंही जमण्यासारखें नसेल तर १० ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनि-सेवा चालू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरविला असतां दिवसा-रात्रीं केव्हांही, विनामूल्य व मराठींतून बोलतां येतें. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, आणि जरूर पडल्यास ते पुढें तज्ज्ञांकडे जोडून देतात. जीव धोक्यांत असेल तर ११२. डॉक्टरांच्या पहिल्या भेटीस जातांना पुष्कळांची वाचाच बसते. यासाठीं आदल्या रात्रीं एका कागदावर लिहून ठेवावें: हें केव्हांपासून वाटतें, झोप किती तास लागते, जेवण कसें आहे, कोणतीं औषधें चालू आहेत, घराण्यांत पूर्वीं कोणास असें झालें होतें काय, आणि जें तोंडानें सांगणें सर्वांत कठीण वाटतें तें. तो कागद न बोलतां डॉक्टरांच्या हातीं दिला तरी चालतें.