कॅमेऱ्याची बॉडी घेण्यापूर्वी हिशेब मांडा



दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा रविवारी सकाळी घरी आला. दोन वर्षांपासून तो एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे मदतनीस आहे. चहा झाल्यावर हळूच म्हणाला, "मामा, मला फिल्मवर चालणारा कॅमेरा घ्यायचाय. साधा नको, वरच्या दर्जाचा, ऑटोफोकसचा. निकॉन एफ-५."

मी विचारले, "पैसे?"

"आईची भिशी लागणार आहे पुढच्या महिन्यात."

मी हातातला पेपर बाजूला ठेवला. ताई सकाळी चार घरचा स्वयंपाक करते. भिशीचे ते पैसे पावसाळ्यापूर्वी छपराच्या गळतीसाठी ठेवलेले होते, हे मला ठाऊक होते. तरीही मी लगेच 'नाही' म्हटले नाही. आमच्या पिढीच्या कितीतरी इच्छा "आपल्याला कशाला हवं ते?" या एका वाक्याने संपल्या. मुलाला हौस आहे, हातात कला आहे, तर त्याला अडवायचे कशाला? पण पैसा घामाचा आहे. म्हणून मी म्हणालो, "आधी हिशेब मांडू, मग ठरवू." तो हिशेब इतरांच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

फिल्मच कशासाठी?

पहिला प्रश्न हाच विचारावा. लग्न, बारसे, वाढदिवस यांचे काम करून चार पैसे मिळवायचे असतील, तर डिजिटल कॅमेराच घ्यावा. गिऱ्हाइकाला फोटो लगेच हवे असतात आणि शेकड्यांनी हवे असतात. तिथे फिल्म परवडत नाही.

भाच्याचे कारण वेगळे होते. त्याच्या आजोबांचा एकच फोटो घरात आहे. कधीतरी स्टुडिओत काढलेला. भिंतीवरची प्रत ओल येऊन खराब झाली, पण ताईच्या ट्रंकेत निगेटिव्ह सापडली आणि तिच्यावरून नवी प्रत निघाली. "मोबाइलमधले फोटो मोबाइलबरोबर गेले, मामा. ही निगेटिव्ह राहिली. वस्तीतली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांचे फोटो असे काढून ठेवायचेत." हे कारण मला पटले. कमाईसाठी नव्हे, जपणुकीसाठी फिल्म.

बॉडीमुळे फोटो सुधारत नाही

दुसरी गोष्ट नीट समजून घ्यावी. एसएलआर म्हणजे ज्या कॅमेऱ्यात लेन्समधून आलेले चित्र आरशावरून वर जाऊन आपल्या डोळ्याला दिसते तो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश फिल्मवर पडतो. डिजिटल कॅमेऱ्यात चित्र टिपणारा सेन्सर बॉडीतच असतो, म्हणून बॉडी बदलली की चित्र बदलते. फिल्म कॅमेऱ्यात ते काम रोल करतो. तोच रोल, तीच लेन्स, तेवढाच प्रकाश आणि फोकस नेमका असेल, तर महाग बॉडीचा आणि मध्यम बॉडीचा फोटो शेजारी ठेवून फरक सांगता येणार नाही.

मग जास्तीचे पैसे कशाचे? वेगवान ऑटोफोकसचे, प्रकाश अचूक मोजणाऱ्या मीटरचे, मजबूत बांधणीचे आणि मोठ्या, स्वच्छ व्ह्यूफाइंडरचे. यातले आपल्याला किती लागते, तेवढ्याचेच पैसे द्यावेत.

आधी लेन्स, मग बॉडी

नवशिका माणूस आधी बॉडी निवडतो आणि मग लेन्स शोधत फिरतो. क्रम उलटा हवा. १९८५ साली मिनोल्टा ७००० हा कॅमेरा आला आणि बॉडीतच ऑटोफोकसची मोटर बसवण्याची पद्धत रूढ झाली. कॅननने १९८७ साली लेन्स बसवण्याची संपूर्ण रचनाच बदलली आणि मोटर लेन्समध्ये घातली. कॅननच्या त्याआधीच्या एफडी लेन्स ऑटोफोकस बॉडीवर बसत नाहीत. निकॉनने मात्र १९५९ सालची एफ माउंट कायम ठेवली. म्हणून ज्याच्याकडे ज्या कंपनीच्या लेन्स, त्याने त्याच कंपनीची बॉडी पाहावी.

भाच्याचे उस्ताद त्यांची जुनी निकॉनची ५० मिलिमीटर, एफ १.८ डी लेन्स त्याला देणार होते. तिथेच कंपनी ठरली. या लेन्समध्ये मोटर नाही, ती बॉडीतल्या मोटरवर चालते. निकॉनच्या स्वस्त डिजिटल बॉडींत ही मोटर नसते, पण वरच्या दर्जाच्या फिल्म बॉडींत असते.

नव्या लेन्सबाबत सावध राहावे. निकॉनच्या ई प्रकारच्या लेन्सचे छिद्र फिल्म बॉडीला लहान-मोठे करता येत नाही, आणि एएफ-पी प्रकारच्या लेन्सवर फोकस होत नाही. कॅननच्या ईएफ लेन्स चालतात, पण ईएफ-एस आणि आरएफ चालत नाहीत.

निकॉनच्या चार बॉडी

एफ-५ हा १९९६ सालचा. अत्यंत दणकट, व्ह्यूफाइंडरमध्ये पूर्ण शंभर टक्के चित्र दिसते. पण बॉडीच सव्वा किलोच्या आसपास, आणि तिला पेन्सिल सेल लागतात आठ. सेकंदाला सात-आठ फोटो काढतो, म्हणजे ३६ फोटोंचा अख्खा रोल पाच सेकंदांच्या आत संपतो! मैदानावरच्या बातमीदाराला त्याचा उपयोग. ओट्यावर बसलेल्या आजीचा फोटो काढायला हा वेग कशाला?

एफ-१०० हा १९९९ सालचा. शटरचा सर्वाधिक वेग एफ-५ इतकाच, सेकंदाचा आठ हजारावा भाग. फोकसचे बिंदूही तितकेच, पाच. वजन पाऊण किलोहून थोडे जास्त, पेन्सिल सेल चार, आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. छिद्राची रिंग नसलेल्या जी प्रकारच्या आणि हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या व्हीआर लेन्सही यावर नीट चालतात. दोष दोन. रोल हाताने गुंडाळण्याची कळ नाही, सगळे मोटरवर अवलंबून. आणि सुरुवातीच्या काही बॉडींत रोल मागे ओढणारा काटा प्लास्टिकचा आहे, तो मोडू शकतो.

एफ-९०एक्स हा १९९४ सालचा. फोकसचे क्षेत्र एकच, व्हीआर चालत नाही, जी लेन्सवर छिद्र स्वतः ठरवता येत नाही. पण जुन्या डी लेन्सवर आजही चांगले काम करतो आणि बहुधा स्वस्त मिळतो.

एफ-६ हा २००४ सालचा, निकॉनचा शेवटचा उच्च दर्जाचा फिल्म कॅमेरा. त्याचे उत्पादन २०२० साली थांबले. उत्तम आहे, पण आपल्या खिशाबाहेर.

कॅनन लेन्सवाल्यांनी ईओएस-३ (१९९८) आणि ईओएस-१व्ही (२०००) पाहावेत. दोघांत ४५ फोकस बिंदू आहेत. ईओएस-३ मध्ये तर डोळा जिथे पाहील तो बिंदू निवडण्याची सोय आहे. कॅननने १व्हीची विक्री २०१८ साली बंद केली. मिनोल्टाच्या डायनॅक्स ९ आणि डायनॅक्स ७ याही गुणी बॉडी, पण कोनिका मिनोल्टाने २००६ साली कॅमेऱ्याचा धंदाच सोडला.

सांगण्याचे तात्पर्य, आज यातली प्रत्येक बॉडी जुनीच मिळणार. आतले इलेक्ट्रॉनिक भाग जळाले तर दुसरी मेलेली बॉडी फोडूनच ते मिळवावे लागतात. म्हणून घेताना डोळे उघडे ठेवावेत.

दुकानात काय पाहावे?

आम्ही मुंबईत फोर्टच्या बोरा बाजाराच्या बाजूला दोन चकरा मारल्या. जाताना चार नवे पेन्सिल सेल, उस्तादांची लेन्स आणि मुदत संपलेला एक रोल बरोबर घेतला. एका ठिकाणी बाहेरून चकचकीत बॉडी दाखवली. सेल घातले तर पडदा कोराच. आत पाहिले तर सेलच्या पत्र्यांवर हिरवट गंज. आम्ही नमस्कार करून निघालो.

तपासायच्या गोष्टी या :

१. सेलचा कप्पा. गंज किंवा पांढरी भुकटी असेल तर बॉडी खाली ठेवा.

२. मागचे झाकण उघडून शटरच्या पात्या पाहा. तेलाचे किंवा काळे चिकट डाग नकोत. पातीला बोट लावू नका.

३. प्रत्येक वेगावर शटर चालवून आरपार पाहा. संथ वेग कानाला कळतो.

४. जवळच्या आणि दूरच्या वस्तूवर, प्रत्येक फोकस बिंदू वापरून पाहा.

५. मीटरचा आकडा डिजिटल कॅमेऱ्याशी ताडून पाहा. आयएसओ व छिद्र दोन्हीकडे सारखे ठेवा.

६. जुना रोल घालून संपेपर्यंत चालवा आणि मागे गुंडाळला जातो का ते पाहा. ही परीक्षा कधीही टाळू नये.

७. रबर चिकट झाले असेल तर घाबरू नका, ते साफ होते. मात्र भाव कमी करून घ्या.

आणि सात दिवसांत परत घेण्याचे बिलावर लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर जाऊ नये.

खरा खर्च रोलचा

वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवले होते, एकदाचा खर्च वेगळा आणि पुन्हा पुन्हा होणारा खर्च वेगळा. बॉडी एकदा घ्यायची, रोल मात्र दरमहा लागणार. समजा, एक रोल, त्याची धुलाई आणि स्कॅनिंग मिळून हजार रुपये धरले. ३६ फोटो, म्हणजे एका फोटोला सुमारे २८ रुपये. महिन्याला दोन रोल म्हणजे वर्षाला चोवीस हजार. आपल्या गावचा भाव विचारून हा आकडा स्वतः मांडावा. बॉडीवर सगळे पैसे घालवले आणि रोलला उरले नाहीत, तर कॅमेरा कपाटात पडून राहतो. कपाटातल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लागते, आणि काढायचे राहिलेले सेल गळून कप्पा खातात.

हा कागद मी भाच्यासमोर ठेवला. तो बराच वेळ पाहत बसला. मग स्वतःच एफ-५ वर काट मारली.

शेवटी काय ठरले? ताईच्या भिशीला हात लावायचा नाही. छप्पर आधी. भाच्याने आपल्या पगारातून तीन महिने बाजूला टाकून एफ-१०० घ्यायचा, महिन्याला एकच रोल वापरायचा. ताईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "अरे, मी देणारच होते. पोराने मागितलं, तर नाही कसं म्हणू?" म्हणूनच, पालकहो, हिशेब मुलांच्या हाती द्यावा. आई नाही म्हणू शकत नाही, पण मुलगा आकडे वाचू शकतो.

तिसरा पगार व्हायचा आहे. दरम्यान त्याने वस्तीतल्या ज्येष्ठांची यादी केली आहे. सर्वांत वयस्कर माणूस पहिल्या क्रमांकावर. बारा महिन्यांचे बारा रोल, ४३२ फोटो. एका माणसाला चार म्हटले तरी १०८ माणसे होतात. मी त्याला एवढेच सांगितले, निगेटिव्ह पाकिटात घालताना वर नाव आणि तारीख लिहायला विसरू नकोस. आजोबांच्या त्या निगेटिव्हवर तारीख नाही. फोटो कोणत्या सालचा, हे आज घरात कुणालाच सांगता येत नाही.