‘फेडअप झालोय’ म्हणजे नक्की काय? हा शब्द आला कुठून?

घोडबंदर रोडवर कोंडी झाली की ठाणेकरांच्या पोस्टमध्ये एक शब्द हमखास दिसतो, ‘फेडअप’. कासारवडवलीला गाडी हलेना, फेडअप. गायमुख घाटात कंटेनर बंद पडला, फेडअप. जेएनपीटीकडून अहमदाबाद महामार्गाकडे जाणारी अवजड वाहनं, मेट्रोचं काम, खड्डे, सगळं एकाच रस्त्यावर. माणूस दुसरं काय म्हणणार?

पण हा शब्द मुळात रस्त्यावरचा नाही, जेवणाच्या ताटातला आहे. इंग्रजीत ‘फीड’ म्हणजे खायला घालणं आणि ‘फीड अप’ म्हणजे भरपूर खायला घालून धष्टपुष्ट करणं. ‘फेड’ हे त्याचंच भूतकाळी रूप. इतकं भरवलं की आता एक घासही नको, अशी ही अवस्था. ‘वैतागलेला’ या अर्थाने ‘फेड अप’ ब्रिटिश बोलीत १९०० च्या सुमारास रूढ झाला. तो काळ दुसऱ्या बोअर युद्धाचा (१८९९-१९०२), आणि सैनिकांच्या तोंडी तो चांगलाच रुळला. पहिल्या महायुद्धापर्यंत तो अमेरिकेतही पोहोचला.

पोट भरलेला ससाणा शिकारीला जात नाही, त्यावरून हा शब्द आला, अशी एक गोष्ट इंटरनेटवर फिरते. ऐकायला छान आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही.

गंमत म्हणजे मराठीही याच वाटेने गेली आहे. रोज श्रीखंड खाल्लं तर श्रीखंडाचाही ‘वीट येतो’. म्हणून ‘फेडअप’ला ‘कंटाळलो’पेक्षा ‘वीट आला’ जास्त जवळचा. काहीच घडत नसलं तरी कंटाळा येतो. वीट मात्र तेच तेच वाट्याला आल्यावर येतो. वाघबीळच्या सिग्नलला पहिल्यांदा अडकलेला पाहुणा कंटाळतो, रोज अडकणारा फेडअप होतो.

(कर्जाची ‘फेड’ वेगळी बरं का! ती अस्सल मराठी. इथल्या फ्लॅटचे हप्ते भरणाऱ्यांना दोन्ही लागू पडत असतील, तो भाग निराळा.)

इंग्रजीत लिहिताना ‘फेड अप’नंतर ‘विथ’ लावा. ‘ऑफ’ बोलण्यात सर्रास ऐकू येतं, पण औपचारिक ईमेलमध्ये खटकतं. मुळात हा शब्दच अनौपचारिक आहे, त्यामुळे महापालिकेला तक्रार पाठवताना तो टाळलेला बरा. मराठीत ही भानगड नाही. ‘ट्रॅफिकला फेडअप झालोय’ म्हटलं की समोरच्याला कळतं.